पालीच्या शहादेवची मोटारबोट

शहादेवला निवांत बसलेलं आमच्या गावात कुणी फारसं पाहिलेलं नाही. हॉटेलात आला तरी तो बाकड्याशेजारी उभ्यानंच चहा घ्यायचा, आणि बाकीच्यांचे कप निम्मे व्हायच्या आत त्याच्या मोटारसायकलला किक बसलेली असायची. बिंदुसरा धरणाजवळच्या पालीत, रस्त्याच्या कडेला त्याचं जनरेटर आणि लायटिंगचं दुकान आहे. कुठं लग्न, कुठं जत्रा, कुठं पुढाऱ्याची सभा. जनरेटर पिकअपमध्ये टाकायचा आणि निघायचं. म्हणजे धंदाच फिरतीचा. पण तेवढ्यानं त्याचं भागत नसे. कुठल्या कार्यक्रमाची सुपारी नसली की तो उगाच लिंबागणेशला जाऊन येई, नाहीतर थेट घाटनांदूर गाठी. काय काम होतं म्हणून विचारलं तर म्हणे, "काम कशाचं? गेलतो आपलं."

त्याची आई बायनाबाई ओसरीवर बसून हे सगळं बघायची. शहादेवचे आई-बाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की बैलगाडीवर संसार चढायचा आणि सांगली, साताऱ्याकडं कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहायची. तिथला फड संपला की कोपी मोडायची आणि पुढच्या फडाजवळ पुन्हा बांधायची. शहादेवचा जन्म तिकडचाच. कुठल्या गावच्या शिवारात, हे बायनाबाईला आजही सांगता येत नाही. "रस्त्याच्या कडंला वडाचं झाड व्हतं," एवढंच ती सांगते. पोराला शाळा मिळावी म्हणून तिनं त्याला एका वर्षी घाटनांदूरला बहिणीकडं ठेवलं. गाड्या निघाल्या तसा तो गाडीमागं पळत सुटला, आणि गाव दिसेनासं झालं तरी थांबेना. शेवटी बापानं त्याला उचलून गाडीत टाकलं. पुढच्या वर्षी मात्र तो मावशीकडं राहिला, शाळा शिकला, वायरमनचं काम शिकला. नवरा गेल्यावर बायनाबाईनं कोयता कायमचा आढ्याला अडकवला आणि जाहीर केलं, "आता मला कुटंबी न्यायचं न्हाई. लई फिरले मी."

ती थांबली. शहादेव थांबला नाही.

दिवाळी सरली की त्याचं जास्तच व्हायचं. गावोगावची माणसं ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून कारखान्याला निघायची. भांडी, शेळ्या, लेकरं, कोंबड्या, सगळं लादलेलं. शहादेव रस्त्याला उभा राहून शेवटची ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत बघत राही. मग आठ-पंधरा दिवस घरात कुणाशी धड बोलत नसे. ताटावरून उठे, दारापर्यंत जाई, परत येई. त्याची बायको सुनिता म्हणायची, "ह्यांच्या अंगात वारं शिरतंय. खिडकी उघडी ठिवा, न्हाईतर घर उडंल."

अशाच एका दिवाळीनंतर माजलगाव धरणाच्या काठावर एका कार्यक्रमाला तो लायटिंग घेऊन गेला होता. माळा लावून झाल्या आणि कार्यक्रमाला अजून वेळ होता. दुसरा कुणी असता तर आडवा झाला असता. हा काठानं चालत सुटला. वेड्या बाभळीच्या जाळीत त्याला एक पांढरी बोट पालथी पडलेली दिसली. वर दोन शेळ्या बसल्या होत्या. कधीकाळी तिथं कुणीतरी सहलीच्या बोटी चालवायचा घाट घातला होता, तो बंद पडला, आणि एवढी एक मागं राहिली. बुडाला हात जाईल एवढं भोक. शहादेवनं शेळ्या हुसकल्या, बोटीवर थाप मारली, आणि त्याच दिवशी मालकाचा शोध घेऊन ती पिकअपमध्ये घातली.

पालीत बोट उतरली तेव्हा रस्त्यावरची रहदारी थांबली.

"ही काय बे शहादेव?"

"मोटारबोट."

"आरं, बीड जिल्ह्यात मोटारबोट? टँकरवर चालवतू का काय?"

हे वाक्य पुढं कितीतरी दिवस त्याच्या मागं लागलं. त्यानं मनावर घेतलं नाही. फायबरचं कापड आणि डिंकासारखं रसायन आणून बुड सांधलं. कोकणातल्या एका मच्छीमाराकडून जुनं इंजिन मिळवलं, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, खाली पंखा असलेलं. बाजूला लाल अक्षरांत नाव लिहिलं, 'पाखऱ्या'. त्याच्या बापाच्या गाडीचा डावा बैल पाखऱ्या होता.

बिंदुसरेच्या पाण्यात बोट पहिल्यांदा सुटली तेव्हा सुनिता काठावर उभी होती. ती मला म्हणाली, "भावजी, मी एक गोष्ट बघितली. हे बसले हो. घरात कदी बसत न्हाईत, तितं बसले." खरंच होतं. बोट चालवायची तर बसावंच लागतं. बूड फळीवर टेकलेलं आणि तरी खालून सगळं सरकत चाललेलं. शहादेवला असं काही जगात आहे हे आजवर ठाऊक नव्हतं.

बिंदुसरा त्याला आठ दिवसांत लहान पडली. मग तो रविवारी बोट ट्रॉलीवर घालून माजलगावच्या धरणावर जाऊ लागला. तिथं त्याला दोघं भेटले.

एक भगवानराव. गेवराईकडचे मोठे बागायतदार, एकेकाळी जिल्हा परिषदेत होते. लागोपाठ दोन निवडणुका हरल्यावर त्यांनी एक मोठी, छत असलेली, दणदणीत इंजिनाची बोट घेतली होती. सत्तरीचा माणूस, पांढरे कपडे, डोक्याला टोपी. पोहता येत नव्हतं. बोटीत ते खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "हितं कुणी निवेदन घेऊन येत न्हाई, हे एक बरं."

दुसरी तेजश्री. बीडच्या एका कॉलेजात ती खेळाची शिक्षिका. हवा भरायची रबरी बोट आणि त्यावर एक छोटं इंजिन, एवढी तिची मालमत्ता. गाडीच्या डिकीत मावायची. ती पट्टीची पोहणारी होती आणि या दोघांनाही लाइफ जॅकेट घालायला लावायची. शहादेव घालायचा. भगवानराव जॅकेट मांडीवर ठेवायचे.

तिघांचं जमलं. या धरणाच्या काठच्या मच्छीमारांना या तिघांची गंमत वाटे. मासे धरत नाहीत, माणसं वाहत नाहीत, नुसतेच पाण्यावर फिरतात. पण तिघांनाही एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग पावसानं दडी मारली ते वर्ष आलं.

धरण आटत आटत एवढं मागं गेलं की जिथं बोटी सोडायचे तिथून पाणी दिसेनासं झालं. बुडालेल्या जुन्या गावांच्या भिंती, एका देवळाचा कट्टा, आडाचं तोंड वर आलं. जमिनीला भेगा पडल्या. भगवानरावांनी बोट शेडमध्ये लावली. तेजश्रीनं हवा काढून घडी घातली. शहादेवची बोट अंगणात ट्रॉलीवर होती. तो तिच्याभोवती फिरायचा. इंजिन सोडून साफ करायचा, पुन्हा जोडायचा. एका सकाळी त्याला राहवलं नाही. त्यानं इंजिन पाण्याच्या टिपाडात उतरवून चालू केलं. टिपाडातलं पाणी खवळून अंगणभर उडालं, निळा धूर झाला.

बायनाबाई ओसरीवरून उठून आली. टँकर गावात तीन दिवसांनी यायचा.

"आरं, टिपभर पाणी हाय घरात. त्यात धूर कावून कालवतूस?"

शहादेवनं इंजिन बंद केलं. टिपाडात तेलाचा तवंग फिरत होता. म्हशीनंसुद्धा ते पाणी तोंड लावून सोडलं. सुनिता घागर घेऊन शेजारच्या गल्लीत गेली. त्यानंतर त्या उन्हाळ्यात शहादेवनं बोटीला हात लावला नाही. पण त्याचं फिरणं इतकं वाढलं की पिकअपचे टायर गुळगुळीत झाले.

पुढं पावसानं उलटी तऱ्हा केली. एवढा पडला की शिवारं वाहून गेली, गोदाकाठची गावं पाण्यात गेली. त्या दिवसांत तिघांच्या बोटी माणसं, शेरडं, धान्याची पोती काढायला उपयोगी पडल्या. त्याबद्दल तिघंही फार बोलत नाहीत. लोकांच्या घरातली चिखलानं भरलेली भांडी पाहिल्यावर आपल्या हौसेचा विषय कुणापुढं काढावा असं त्यांना कितीतरी दिवस वाटलं नाही.

थंडी पडली, नदी निवळली. गोदावरीवरचे बंधारे काठोकाठ भरले होते. तेजश्रीनंच विषय काढला.

"राक्षसभुवनला बोटी सोडू. नदीनं खाली खाली मंजरथपर्यंत. बंधारा आला की ट्रॅक्टरनं बोटी पलीकडं न्यायच्या. मुक्काम काठावर."

"मंजरथला सिंदफणा येऊन मिळते," भगवानराव म्हणाले. "आपल्या धरणाचीच नदी. चांगलं ऱ्हाईल."

शहादेव म्हणाला, "उद्याच निगू."

"उद्या न्हाई. मला सुट्टी मिळंल तवा," तेजश्री म्हणाली.

सुट्टी मिळेपर्यंत शहादेवनं सगळी तयारी दोनदा केली.

सुनितानं ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून दिला. बायनाबाईला त्यानं सहज विचारलं, "माय, येतीस का?" ती म्हणाली, "माजं फिरणं झालं. तू जा."

नदीवरचा पहिला दिवस सुंदर होता असं तेजश्री सांगते. दोन्ही काठांना ऊस, मध्ये संथ हिरवं पाणी, काठच्या गाळावर उतरलेले पक्षी. एका काठाला बीड जिल्हा, दुसऱ्या काठाला जालना. भगवानरावांना प्रत्येक गावात कुणी ना कुणी ओळखायचं. काठावरून हाक आली की ते बोट वळवायचे. चहा, नमस्कार, पूर किती चढला होता त्याच्या भिंतीवरच्या खुणा, पुन्हा चहा. तेजश्रीला ते आवडत होतं. शहादेव मात्र काठाला लागतच नव्हता. हे दोघं चहा पीत तोवर तो समोरच्या पाण्यात बोटीचे गोल काढत राही.

"आरं, पाव्हण्याच्या दारात बैल बांधत्यात तसं जरा बांध की त्या पाखऱ्याला!" भगवानराव काठावरून ओरडत.

"तुमचं होऊ द्या अण्णा, मी हितंच हाय."

पण तो तिथं नसे. चहा संपेपर्यंत तो नदीच्या पुढच्या वळणाला गेलेला असे. मग हे दोघं निघत, त्याला गाठत, की तो पुन्हा पुढं. दुसऱ्या दिवशी एक बंधारा ट्रॅक्टरनं ओलांडायचा होता. भगवानरावांची जड बोट ट्रॉलीवर चढवायला माणसं कमी पडली, कारण शहादेव आपली बोट आधी पलीकडं टाकून निघून गेला होता. गावातल्या माणसांनी हात लावला म्हणून जमलं. त्या संध्याकाळी मुक्कामाला चूल पेटली आणि भगवानरावांचा आवाज चढला.

"शहादेवा, एक सांग. तुला आमच्यासंगं यायचं हाय, का आमच्या पुढं?"

"अण्णा, मला थांबलं की जीव गुदमरतोय."

"मग एकट्यानं जायचं. सोबत कशाला घ्यायची? आमी काय तुजी शेपटी हाय का?"

शहादेव ताटावरून उठला. भगवानरावांना उलट बोलायची त्याची सवय नव्हती. तेजश्रीनं समजूत घालायचा प्रयत्न केला. दोघांनीही ऐकलं नाही.

सकाळी धुकं निवळायच्या आत शहादेवची बोट काठावर नव्हती.

पुढं जे घडलं ते मी तिघांकडूनही ऐकलेलं आहे.

शहादेव एकटाच खाली निघाला होता. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही. त्यानं इंजिन पूर्ण वेगात सोडलं. पहिला काही वेळ त्याला असं वाटलं की आता छातीतला गोळा सुटेल. ऊस मागं पळत होता, बगळे उडत होते. पण गोळा सुटेना. भगवानरावांचं बोलणं डोक्यात घुमत होतं. वेग वाढवायला आणखी जागा नव्हती. तसाच तो पुढच्या बंधाऱ्यापाशी पोचला. तिथं वर एक माणूस हात हलवून ओरडत होता. शहादेवनं बोट काठाला घेतली.

"वर या, वर या! पाणी सोडायचंय. वरच्या धरणातनं लोंढा येतोय, दारं उचलायची हायत."

"किती उचलणार?"

"येईल तसं. तुमच्यासंगं आणखी कुणी हाय का?"

शहादेवनं मागं बघितलं. नदी मोकळी होती. त्यानं तेजश्रीला फोन लावला, लागला नाही. भगवानरावांचा वाजत राहिला, कुणी उचलला नाही. त्या माणसानं सांगितलं, "मी सायबांना कळवतो, पण वरचं पाणी माझ्या हातात न्हाई." शहादेवनं बोट वळवली. त्या सगळ्या प्रवासात तो पहिल्यांदा मागं निघाला होता.

नदीची तऱ्हा बदलायला लागली होती. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी आता सुरकुतत होतं. जलपर्णीचे तुकडे त्याच्या अंगावर येत होते. आधी परडीएवढे, मग अंगणाएवढे. ते चुकवत तो वर गेला. दोन वळणं ओलांडल्यावर त्याला दोघं दिसली.

भगवानरावांची मोठी बोट नदीच्या मधोमध आडवी झाली होती आणि हळूहळू खाली सरकत होती. इंजिन बंद. थंड ठेवायला ते ज्या जाळीतून पाणी ओढतं, तिच्यात जलपर्णीची मुळं बसली होती आणि इंजिन तापून अडकलं होतं. तेजश्री आपल्या रबरी बोटीनं तिला काठाकडं ढकलत होती. हत्तीला शेळीनं ढकलावं तसं. भगवानराव छताचा दांडा धरून उभे होते. जॅकेट अंगात होतं, पण पट्टे उलटसुलट.

"शहादेवभाऊ, दोर!" तेजश्री ओरडली.

त्यानं दोर फेकला. तिनं तो मोठ्या बोटीच्या नाकाला बांधला. शहादेवनं पाखऱ्याचं तोंड प्रवाहाच्या उलट केलं आणि इंजिनाला जोर दिला. दोर ताठ झाला. बोटी थोड्या वर सरकल्या, मग जागच्या जागी थांबल्या. पाणी चढत होतं. जुनं इंजिन किंचाळल्यासारखं वाजायला लागलं. काठावरचं एक बाभळीचं झाड शहादेवनं खूण म्हणून धरलं होतं. ते हळूहळू पुढं जायला लागलं. म्हणजे ते तिघं मागं चालले होते, बंधाऱ्याकडं.

तेजश्री शेजारी आली. "इंजिन बंद करा. नांगर टाका."

"थांबलो तर जाऊ की खाली!"

"इंजिन जळालं तर तिघंबी जाऊ. नांगर टाका म्हणते ना!"

शहादेव सांगतो, तेवढा एक क्षण त्याला आयुष्यात सगळ्यात जड गेला. हात इंजिनाच्या दांड्यावरून सुटेना. त्याच्या हिशेबात चालतंय तोवर जिवंत. पण तेजश्रीचा चेहरा पाहून त्यानं नांगर उचलला आणि नाकावरून सोडला. दोर भराभर गेला. नांगर वाळूत घसरला, घसरत राहिला, मग खाली कशाला तरी, बहुतेक पुरात आलेल्या झाडाच्या बुंध्याला, हिसका बसून अडकला. पाखऱ्याचं नाक पाण्यात दबलं, वर आलं. मागं मोठ्या बोटीचा दोर कडकडला, पण तुटला नाही. तेजश्रीनं मोठ्या बोटीचाही नांगर टाकला आणि स्वतःची रबरी बोट तिला बांधून तिच्यात चढली.

मग इंजिन बंद झालं. पाण्याचा आवाज किती मोठा आहे हे तेव्हा कळलं.

आता काम एकच होतं. वरून येणारी जलपर्णी दोरावर साचू द्यायची नाही. साचली की वजनानं दोर तुटणार. शहादेव पाखऱ्याच्या नाकावर पालथा पडला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात बांबू. दोराची थरथर तळहाताला कळायची. जास्त थरथरला की बांबूनं समोरचा गठ्ठा फोडून बाजूला सारायचा. पुन्हा पडून राहायचं. पुन्हा सारायचा. उठता येत नव्हतं, वळता येत नव्हतं. त्याच्या पिंढऱ्या सारख्या उडत होत्या. इंजिन चालू करावं, दोर कापावा, काहीही करावं पण निघावं, असं त्याला घडीघडीला वाटत होतं. त्यानं दात दोराच्या शेंड्यावर रोवले.

मागून भगवानरावांचा आवाज आला. बारीक झालेला. "शहादेवा, बोल काहीतरी. नुसतं पाणी ऐकू येतंय."

"काय बोलू अण्णा?"

"काय बी बोल. ह्या बोटीला पाखऱ्या नाव कावून ठिवलंस?"

मग दोरावर हात ठेवून, मान न वळवता, शहादेव ओरडून सांगत राहिला. पाखऱ्या म्हणजे बापाचा बैल. ऊस भरून झाला की बाप गाडीवर मोळ्यांवर झोपायचा, कासरा सुटलेला असायचा, आणि पाखऱ्या एकटा जोडीदाराला ओढत कारखान्याच्या रांगेत नेऊन उभा करायचा. एकदा त्यानं चुकीच्या कारखान्याच्या रांगेत नेलं. गेल्या सालचा कारखाना त्याच्या डोक्यात राहिला होता. बाप उठला तर सगळे अनोळखी.

"मग?" भगवानराव.

"मग काय, माय गाडीमागनं चालत शोधत आली. दुसऱ्या दिवशी सापडलो. मी मोळीवर व्हतो."

"तू भ्यालास का?"

शहादेवनं एक गठ्ठा फोडला. "न्हाई. मला लई मजा आलती."

तेजश्री हसली. मग भगवानरावही हसले. हसता हसता त्यांनी तोंड टोपीत घातलं. तेजश्रीनं त्यांचे जॅकेटचे पट्टे नीट बांधून दिले. ते तिला हळूच म्हणाले, "सकाळी त्याचा फोन वाजत व्हता. मी मुद्दाम उचलला न्हाई." हे तिनं शहादेवला त्या वेळी सांगितलं नाही.

उन्हं कलली तेव्हा पाणी ओसरायला लागलं. बंधाऱ्यावरच्या माणसानं वर कळवलं होतं, वरच्या धरणाची दारं खाली आली होती. दोराची थरथर मंदावली. जवळच्या गावातली पोहणारी माणसं लांब दोर घेऊन आली आणि त्यांनी बोटी एकेक करून काठाला ओढल्या. शहादेव उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. भगवानराव चिखलात बसून होते. तो जवळ गेला तसे ते म्हणाले, "काल मी जे बोललो..."

"ऱ्हाऊ द्या अण्णा. खरंच बोललात."

"खरं म्हणून बोललो न्हाई. राग आलता म्हणून बोललो."

तेजश्री कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभी राहिली. "आता माझं ऐका. शहादेवभाऊ, परत एकटं पुढं गेलात तर मी तुमच्यासंगं पाण्यात उतरणार न्हाई. आणि अण्णा, तुमी आधी पोहायला शिकायचं. मग बोट."

मंजरथ राहिलं. बोटी ट्रकवर घालून तिघं परत आले.

भगवानराव सत्तरी ओलांडल्यावर बीडच्या जलतरण तलावात पोहायला शिकतायत. सकाळच्या बॅचला सगळी शाळेतली लेकरं असतात, त्यांत हे एक. पहिल्या आठवड्यात लेकरं बिचकून बाजूला सरायची, आता त्यांच्या अंगावर पाणी उडवतात. परवा त्यांनी तलावाची एक फेरी न थांबता पूर्ण केली आणि घरी जायच्या आधी शहादेवला फोन करून सांगितलं. उन्हाळ्याआधी मंजरथला जायचंच असं तिघांनी ठरवलं आहे.

शहादेवचं म्हणाल तर तो काही बदलला नाही. हात बरे व्हायच्या आत तो घाटनांदूरला जाऊन आला. चहा अजून उभ्यानंच पितो. सुनितानं मला सांगितलं की तो झोपेत पाय हलवतो, हल्ली हातही आवळतो, जणू काही धरून ठेवलंय.

नदीवर काय झालं ते त्यानं आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बायनाबाईनं हळद आणि तेल कोमट करून त्याच्या तळहातांना लावलं. मग म्हणाली, "चल, दाखव मला तुजी ती बोट."

"आता? तुला कुटं जायचं नव्हतं ना?"

"जायचं न्हाईच. बघायचीय."

त्यानं बिंदुसरेच्या काठाला बोट लावली. आईला दंडाला धरून आत बसवलं, जॅकेट घातलं, लुगड्याचा पदर खोचून दिला. गुडघे दुखतात म्हणून खाली गोधडी घातली. सुनिता काठावर थांबली. शहादेवनं इंजिन अगदी मंद ठेवलं. पाण्यावर लाटही उठणार नाही अशा बेतानं तो काठाकाठानं निघाला. म्हातारी घाबरेल म्हणून तो तिच्याकडंच बघत होता.

बायनाबाईनं दोन्ही हातांनी बोटीच्या कडा धरल्या होत्या. काठ मागं गेला, गावच्या देवळाचा कळस मागं गेला. तिनं एकदा मागं वळून पाहिलं, मग पुढं. मग लेकाकडं.

"शहादेवा."

"काय माय? परत फिरवू का?"

"लेका, गाडा काय असा चालत असतो? पळव की जरा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं पदर दातांत धरला होता आणि मान पुढं काढली होती. शहादेवनं दांडा फिरवला. बोटीचं नाक उचललं, पाणी दोन्ही बाजूंना फाकलं. धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन तो वळला.

काठावरून सुनिता हात हलवून बोलवत होती. ऊन उतरत होतं, म्हशी परत निघाल्या होत्या. शहादेवनं बोट काठाकडं धरली तसा बायनाबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात आपटला.

"त्या पलीकडच्या अंगाला काय हाय?"

"काय न्हाई माय. पाणीच हाय."

"मग चल की तिकडं."